तुपाच्या डब्यातलं शेण

२४ फेब्रुवारी १९९६

ती. भैरूभाई यांस,

पत्रास कारण की, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे आणि ती ऐकून घेणारं दुसरं कोणी नसल्यामुळे तुमच्याकडेच करते आहे.

आज दुपारच्या बसने नाहरखेडीहून एक डबा आला. पाच किलोचा. वर लाल रंगात तुमच्या हातचं 'शुद्ध तूप'. कंडक्टरने तो मांडीवर घेऊन आणला. आमचा शिपाई नंदराम याने आजच घरून तुपात बुडवून खायचे बाफले आणले होते, हा दैवाचा खेळ. "मॅडम, माहेरचं तूप आलं!" असं ओरडत त्याने वाटी धरली आणि झाकण उचकटलं. त्यानंतर आमच्या पशुवैद्यक विभागात कोणी जेवलं नाही. नंदरामने बाफले कुत्र्याला घातले. कुत्र्याने आधी डब्याकडे पाहिलं, मग बाफल्यांकडे, आणि विचार करून निघून गेलं. माळव्यात तुपावरचा माणसाचा विश्वास उडणं ही काय चीज आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

भाई, शेण पाठवायचं तर डब्यावर शेण लिहावं. लाज वाटत असेल तर काहीच लिहू नये.

झाकणाला आतून चिठ्ठी होती. 'बादामी. चार दिवस झाले. बसत नाही. चालते, ओरडते. बघ.' अकरा वर्षांनी आलेलं पत्र, त्यात खुशाली म्हशीची. हरकत नाही. म्हशीने माझं काही बिघडवलेलं नाही.

शेण तपासायला लावलं आहे. तोवर सांगते तेवढं करा. तिला सावलीत बांधा, दावं लांब ठेवा. पाणी हवं तेवढं द्या. सोबत जुलाबाच्या मिठाच्या पुड्या आहेत, त्या नळीने पाजा, म्हणजे पोटात जे काही आहे ते बाहेर येईल. दूध पारडालाही नको आणि घरातही नको, ओतून टाका. आणि देवाच्या भोपाने सांगितलं, सरपंचाने सांगितलं, साक्षात भैरूजी देवाने येऊन सांगितलं तरी तिला अफूची गोळी देऊ नका. आपलं गाव मला ठाऊक आहे. पोर रडलं, गोळी. म्हाताऱ्याचा गुडघा धरला, गोळी. पाहुणा आला, गोळी. पाहुणा जात नाही, आणखी एक गोळी.

तिने काय खाल्लं ते कळवा. 'चारा' असं लिहू नका. चारा खाऊन कोणी रात्रभर फेऱ्या मारत नाही.

रामकन्या


२९ फेब्रुवारी

ती. भैरूभाई,

तुमचं कार्ड मिळालं. गोळी तुम्ही दिलीत. डबा पाठवला त्याच संध्याकाळी, गुळात घालून, हरभऱ्याएवढी. तिने खुंटा उपटला आणि गोठ्याचं दार घेऊन अंगणात आली. आता विचारता, औषध उलटलं का?

उलटलं नाही, भाई. औषधाने औषधाचं काम केलं, फक्त म्हशीवर केलं. अफू माणसाला झोपवते. गुराच्या डोक्यात ती उलट जाते. जनावर फिरतं, हंबरतं, भिंतीला डोकं लावतं, खाणं-रवंथ विसरतं. तुमची बादामी आधीच अफूने वेडी झाली होती आणि तुम्ही तिला शांत करायला अफू दिलीत. जगात कुठल्याही मुलखात म्हैस बिघडली तर लोक डॉक्टर बोलावतात, नाहीतर मांत्रिक. आगीवर तूप ओतायचा मान आपल्याच मुलखाचा. आणि या वेळी तूप खरं होतं!

शेणाच्या अर्कावर औषधाचे थेंब टाकले तर जांभळा रंग आला. नंदरामसुद्धा म्हणाला, "मॅडम, हा तर सरळ सरळ जांभूळ झाला." मॉर्फिन. भरपूर.

कार्डाच्या शेवटी तुम्ही लिहिता की, जे काही निघालं असेल ते त्या गोळीचंच असणार. आधी डबा, मग गोळी, हा क्रम तुमच्याच अक्षरात आहे, पण तो आपण सोडून देऊ. उद्या तुम्ही म्हणाल, आठवणीत चूक झाली. मी शेण चाळणीवर धुतलं. त्यात बोंडांच्या टोप्या निघाल्या. बोंडाच्या डोक्यावर ती चांदणीसारखी कडक चकती असते ना, जिची चाकं करून आपण गाड्या ओढायचो, त्या. चावल्या गेल्या नाहीत, पचल्या नाहीत, ओंजळभर निघाल्या. भाई, गोळीला टोपी नसते.

म्हणजे बादामी उभ्या पिकात शिरून बोंडं खात होती. एकदा नाही, रोज जात असणार. चटक लागलेलं जनावर वाट चुकत नाही.

सहा वर्षं मी अशा एका जनावराच्या शोधात आहे. अख्खा जिल्हा अफू पिकवतो, हजारो गुरं बांधावर चरतात, आणि विचारलं की प्रत्येक शेतकरी छातीवर हात ठेवून सांगतो, "मॅडम, आमचं जनावर त्याला तोंड लावत नाही." सगळी गुरं साधुसंत! कारण साधं आहे. जनावराने खाल्लं म्हणायचं तर पीक कमी भरलं हेही म्हणावं लागतं, आणि पीक कमी भरलं तर अफूचा परवाना, म्हणजे पट्टा, जातो. म्हणून आजार दडतो, जनावर मरतं आणि आम्ही पुस्तकात लिहितो, 'असे रोगी क्वचित आढळतात.'

बादामी ज्या शेतात शिरली ते कोणाचं?

जुलाबाचं मीठ चालू ठेवा. खुंटा खोल गाडा.

रामकन्या


७ मार्च

भैरूभाई,

होळीच्या दुसऱ्या दिवशी गेंदीकाकी आली. तुम्ही पाठवली नव्हतीत हे मला ठाऊक आहे. बसने आली, चप्पल हातात घेऊन. नवी आहे, झिजेल म्हणे.

मी म्हटलं, "काकी, जेव."

"जेवायला नाही आले. तू शिकलेली आहेस. मला एवढं सांग, जेलमध्ये बायकांना घागरा नेसू देतात का?"

मग हळूहळू सगळं निघालं. काकांच्या पश्चात दहा आरीचा, पाव एकराचा पट्टा तिच्या नावावर आहे. तिच्या हाताला बरकत आहे, गेल्या वर्षीपर्यंत सरकारला द्यायच्या चिकाचा तोल कधी कमी पडला नाही. यंदा कालीमातेची पूजा करून बोंडांना चिरे लावायला सुरुवात केली आणि आठवड्यात कडेच्या ओळी मुंड्या छाटल्यासारख्या दिसायला लागल्या. रोजच्या कच्च्या तोलात चीक कमी. आणि गावचे लंबरदार, म्हणजे सरकारने अफूवर नेमलेला भला माणूस, म्हणजे तुम्ही, वर कळवून मोकळे झालात की शेतात कोणतंही जनावर शिरलेलं नाही, कुंपण शाबूत आहे, माल बाहेर विकला गेल्याचा संशय आहे.

"काकी, रोजडे आले असतील," मी मुद्दाम नीलगाईंवर ढकललं.

"रोजड्याचा खूर मी ओळखत नाही होय? बारीक असतो, हरणासारखा. हा पसरट. पोळी थापावी तसा."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? ज्याची म्हैस त्यालाच? तो म्हणाला, काकी, तुझे डोळे गेलेत. मी म्हटलं, गेले असतील बाबा. तुझ्या बापाने माझ्या मांडीवर तुला टाकलं तेव्हा तरी होते."

"आणि कुंपण?"

"ते त्यानेच कापलं. पाण्याचा पाइप न्यायला. म्हणाला, संध्याकाळी बाभळीच्या काट्या लावतो. कुठल्या संध्याकाळी ते म्हणाला नाही."

कुंपणच शेत खातं असं आपण नुसतं म्हणतो. तुम्ही कुंपण कापून म्हशीला पान वाढलंत, आणि जेवून झाल्यावर यजमानाला चोर ठरवलंत.

आता नीट वाचा. पट्टा गेला तर काकीकडे राहतं काय? लसणाच्या चार वाफ्यांवर ती जगेल? आणि माल विकल्याचा गुन्हा लागला तर तो दहा वर्षांचा असतो. तिचं वय अडुसष्ट. सत्तावीस तारखेला तोलाच्या कॅम्पात अफू खात्याचे साहेब तिची चौकशी करणार आहेत. तुम्हाला ठाऊक असेलच. तारीख तुम्हीच तिला सांगितलीत, चिलीम ओढता ओढता.

तुम्ही म्हणाल, बादामीने माझ्याच शेतात खाल्लं. जरूर म्हणा! पण तुमचा तोल यंदा गावात सगळ्यांत भरलेला आहे, साफ्याला तुरा लावून सांगत फिरता तुम्ही. रोज म्हशीचं पोट भरूनही तोल कमी नाही, तर मग वरचा माल कुठून आला, हे साहेब विचारतील. तेव्हा एकतर म्हैस काकीच्या शेतात गेली, नाहीतर तुमच्या शेताला देवी प्रसन्न आहे. दोन्हींतलं काय सोसवेल ते ठरवा.

मी माझा अहवाल लिहिला आहे. त्यात कोणाचं नाव नाही. मुऱ्हा म्हैस, वय सात, मुक्काम नाहरखेडी. एवढंच शास्त्र मला ठाऊक आहे आणि तेवढंच मी सांगणार.

बादामी बसायला लागली का? लिहा. रागाने लिहा, पण लिहा.

रामकन्या


१४ मार्च

भैरूभाई,

म्हशीची खबर कार्डावर नाही, माणसाकरवी आली. सज्जनभाभी रविवारी येऊन गेल्या. लाडवांचा डबा होता. मी झाकण जरा लांबूनच उघडलं. ते बघून भाभी इतक्या हसल्या की पदर तोंडात घ्यावा लागला. तुमच्या घरात हसू अजून शिल्लक आहे हे कळलं, बरं वाटलं.

मग त्यांनी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. "बाईसा, ते म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. आखातीजच्या मुहूर्ताला अनोखीचं लग्न आहे. भुवा, सख्खी आत्या, नसेल तर आरती कोण करणार, हळदीची गाणी कोण म्हणणार? या. चार दिवस आधीच या. घर तुमचंच आहे."

"आणि?"

"आणि काय बाईसा?"

"भाभी, लाडवात बेदाणा असतो. तो काढा."

त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आणि तो डबा म्हणे फुटला असं सांगायचं. शिपायाच्या हातून पडला."

तर असा हा सौदा. अकरा वर्षांपूर्वी बांच्या नुक्त्याला मी जेवले नाही. बापाच्या तेराव्याला तीन गावं लाडू खाणार आणि त्यापायी त्याचेच बैल विकणार, हे मला गिळवेना, आणि मी ते पंगतीत उभी राहून बोलले. तुम्ही म्हणालात, या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकू नकोस. आजही तसं जेवण असतं तर मी तशीच उठले असते, फक्त जरा लवकर. असो. त्या उंबऱ्याचं दार आज एका फुटक्या डब्याच्या मोबदल्यात उघडतं आहे.

मला यायचं होतं, भाई. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. अनोखी सात वर्षांची होती तेव्हापासून तिने मला पाहिलेलं नाही. हळदीची गाणी मला अजून सगळी येतात, प्रयोगशाळेत बाटल्या धुताना म्हणते, नंदराम पाठ फिरवून ऐकतो. पण काकीला चोर ठरवून मिळालेल्या आमंत्रणावर मी हळद काय लावणार? मी भाभींना सांगितलं, "डबा फुटलेला नाही. कपाटात आहे, कुलपात आहे, आणि किल्ली माझ्या गळ्यात आहे."

दारात चपला घालताना भाभी म्हणाल्या, "बाईसा, तुम्ही नाही म्हणालात हे मी सांगेन. पण किती जोरात म्हणालात ते सांगू की नको?"

"जेवढ्या जोरात म्हणाले तेवढ्याच जोरात सांगा."

"मग भिंती हलतील," असं म्हणून त्या गेल्या. जाताना एवढं मात्र सांगून गेल्या की बादामी परवापासून बसते आहे, रवंथ करते आहे, फक्त तिन्हीसांजेला काकीच्या शेताकडे तोंड करून उभी राहते. तिला हळूहळू विसर पडेल. जनावरं आपल्यापेक्षा लवकर सुधारतात.

काल तुमचं पत्र आलं. तुम्ही लिहिता, 'माझ्या म्हशीच्या जिवावर तुला नाव कमवायचं आहे.' हो, कमवायचं आहे. तुम्ही लिहिता, 'मी साहेबांना सांगेन की बहिणीचं वैर आहे.' खुशाल सांगा. मीच तुमच्या आधी सांगेन. पण वैराने अर्क जांभळा होत नाही, आणि शेणातून टोप्या निघत नाहीत. आमचे विभागप्रमुख व्यास साहेबही काल हळूच म्हणाले, "रामकन्याजी, घरचं प्रकरण आहे, थोडं सबुरीने घ्या." मी म्हटलं, "सर, सबुरीने घेतलं असतं तर मी आज नाहरखेडीत शेणी थापत असते. तुम्हाला शेण परीक्षेला मिळालं नसतं, जळणाला मिळालं असतं."

सत्तावीसला मी येते आहे. उंबऱ्याच्या आत नाही, तोलाच्या कॅम्पात. तिथे उंबरा नाही, तंबू आहे.

रामकन्या


२९ मार्च

भैरूभाई,

परवा तुम्ही तंबूतच होतात, पण सगळा वेळ स्वतःच्या मोजडीकडे बघत होतात. म्हणून तुमच्या नजरेतून जे सुटलं ते लिहून ठेवते.

मी साहेबांसमोर काचेची बाटली ठेवली, टोप्यांची. साहेब तरुण होते, अफूच्या वासाने त्यांचं डोकं चढलेलं दिसत होतं. त्यांनी बाटली उन्हाकडे धरली. "हे म्हशीच्या पोटातून निघालं? खात्रीने?"

"खात्रीने. आणि एका रात्रीत एवढं खाल्लं असतं तर म्हैस मेली असती. हे रोजचं खाणं आहे."

"मॅडम, लंबरदार तुमचे कोण?"

"सख्खा भाऊ. अकरा वर्षं बोलत नाही. वैर आहे असं लिहून घ्या, मग पुढे चालू."

तंबूत लोक हसले. साहेबांनी खरंच लिहून घेतलं. मग त्यांनी काकीला पुढे बोलावलं. "आजी, शेतात म्हैस शिरली म्हणता. कोणाची?"

सगळं प्रकरण या एका जबाबाला टांगलेलं होतं. माझ्या अहवालात म्हैस होती, मालक नव्हता. डबा तर कोणाचाही असू शकतो. आणि गेंदीकाकीने, जिला जेलमध्ये घागरा मिळेल की नाही याची काळजी होती, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"ठाऊक नाही, साहेब. काळी होती."

"काळी म्हणजे?"

"म्हशी काळ्याच असतात, साहेब. पाठीवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं."

भाई, मला तिला तिथेच हलवावंसं वाटलं! पट्टा जातोय, गुन्हा लागतोय, आणि म्हातारी पुतण्याला पाठीशी घालते आहे. मी दातांवर दात धरून म्हटलं, "काकी, तू पसरट खूर म्हणालीस, पाइप म्हणालीस, सगळं म्हणालीस!" तर मलाच म्हणते, "तू गप. तू शिकलेली आहेस, तुला मालकाचं नाव लागत असेल. मला लागत नाही. मी माझं खरं सांगितलं, म्हैस आली होती."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मालक नाही तर मी म्हैस कशी मानू?"

बाहेर तराजूवर कोणाचा तरी चीक ओतला जात होता. आणि तुम्ही, मोजडीकडेच बघत, असं म्हणालात की पहिल्या रांगेलाही धड ऐकू गेलं नाही,

"म्हैस माझी."

साहेब म्हणाले, "जोरात बोला."

"म्हैस माझी आहे. कुंपण मीच कापलं. पाइपासाठी. परत लावायचं राहिलं." मग वर बघून, "राहिलं नाही. आळस केला. आणि मग लंबरदाराच्याच म्हशीने खाल्लं हे लिहायची लाज वाटली."

काकी एवढंच म्हणाली, "झालं. आता ऐकू गेलं ना सगळ्यांना?" आणि चप्पल हातात घेऊन बाहेर गेली.

साहेबांनी तिचं नुकसान जनावराने केल्याचं लिहिलं, पट्टा राहिला, संशय खोडला. तुमची लंबरदारी मात्र तिथल्या तिथे गेली. मी त्याबद्दल हळहळ व्यक्त करत नाही. लंबरदारी तुम्हाला कधीच शोभली नव्हती, साफा उगाच जड दिसायचा. परवा बाहेर पडताना तुमची मान तेवढी सरळ होती.

आणि माफीही मागत नाही. अहवाल जसा आहे तसा छापायला पाठवला आहे. नाव तुमचं नाही, पण बादामीच्या सातही वर्षांचा आणि सतरा दिवसांच्या हिंडण्याचा उल्लेख आहे. पुढच्या वर्षी कोणाची म्हैस फिरायला लागली तर निदान एक डॉक्टर तरी 'भैरूजीचं वारं आलं' असं म्हणणार नाही. आणि एक शेतकरी तरी गोळी द्यायच्या आधी थांबेल. हे पुरेसं आहे. मला याहून मोठं काही करता येत नाही.

अनोखीला आशीर्वाद सांगा. मोठ्याने सांगा, जमलं तर.

एक बारीक गोष्ट राहिली. कॅम्पाबाहेरच्या टपरीवर मी चहा प्याले. पैसे द्यायला गेले तर टपरीवाला म्हणाला, "दिले, मॅडम."

"कोणी?"

"पांढरा साफा."

"इथे पन्नास पांढरे साफे आहेत."

"तो, जो सांगून गेला, यांच्या चहात साखर कमी, आलं ठेचून जास्त."

मी कोणाचा चहा अंगावर ठेवत नाही. रुपयाचं नाणं पाकिटात घातलं तर पोस्टात पाकीट फाटतं, म्हणून रुपयाचं तिकीट सोबत ठेवते आहे. चिकटवलेलं नाही. तुमच्या पाकिटावर चालेल.

रामकन्या